ओढ्याकडचे वीस गुंठे

बेळगावातल्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गणित शिकवतो आहे आणि त्यातली वीस वर्षं रविवारी गावोगाव जाऊन लोकांना गणिताची आणि पदार्थविज्ञानाची गोडी लावतो आहे. 'गोडी लावणे' हे शब्द माझे नाहीत, निमंत्रणपत्रिकेचे आहेत. निपाणीपासून खानापूरपर्यंत ज्या गावात मराठी शाळा, वाचनालय आणि चार रिकामे उत्साही लोक आहेत त्या गावात व्याख्यानमाला असतेच. इतिहासावर गर्जना करणारा वक्ता ज्या दिवशी मिळत नाही, त्या दिवशी मला बोलावतात.

गोडी लावायची रीत ठरलेली आहे. सदलग्यात सफरचंद, गुंजीत मनोरा, निपाणीत न्हाणीघर. म्हणजे एका इंग्रजाच्या डोक्यात सफरचंद पडलं, एका इटालियनाने कललेल्या मनोऱ्यावरून गोळे टाकले, एक ग्रीक आंघोळ अर्धवट टाकून उघडाच रस्त्याने पळाला. यातलं सफरचंद डोक्यात पडलेलं नाही, गोळ्यांचा पुरावा कच्चा आहे आणि उघडा पळाल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तो केस पिंजारलेला जर्मन शाळेत गणितात नापास झाला होता हेही साफ खोटं, तो त्यात चांगलाच हुशार होता. हे सगळं मला ठाऊक आहे. तरीही मी वीस वर्षं सांगत आलो, कारण नापास झालेला शास्त्रज्ञ लोकांना फार आवडतो. आपला मुलगा नापास झाला की त्याच्यात आणि थोर माणसात एक तरी साम्य निघतं.

लोकांना गणित नको असतं, गणितवाले हवे असतात. बेळगावात क्लासच्या प्रत्येक फलकावर तो जर्मन असतोच, आणि आत बसलेली पोरं सूत्रं पाठ करत असतात. गावच्या वाचनालयात शास्त्रज्ञांच्या चरित्रांचं एक कपाट असतं, पुस्तकांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नसतं आणि कपाटाची किल्ली चिटणिसाच्या घरी असते. आता तर घरोघरी फोन आहे. पोरं कृष्णविवरावरचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहतात, मला येऊन विचारतात, सर, काळ थांबतो म्हणे. मी त्यांना एक साधं त्रैराशिक घालतो. मग काळ खरंच थांबतो.

अध्यक्ष ही आणखी एक जात. मी दीड तास बोललो की अध्यक्ष उठतात आणि सांगतात, हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. कुठे होतं, कोणी लिहिलं, काय लिहिलं, यातलं काही नाही. फक्त होतं. हे ऐकून ऐकून मी कंटाळलो आणि त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून व्याख्यानाच्या शेवटी आपल्याकडच्या एका जुन्या गणितज्ञाची पंधरा मिनिटं जोडली. लोकांना अभिमान वाटावा म्हणून ती जोडलेली नव्हती. अध्यक्षांची जागा मीच खाऊन टाकावी, एवढाच हेतू होता. नेमक्या त्या पंधरा मिनिटांनी मला माझ्याच गावात तोंडावर पाडलं.

माझं गाव उचगावच्या पलीकडे. खाली भात, वर माळाला रताळी आणि बटाटे. आम्ही तिघे भाऊ. थोरला वारला तेव्हा त्याची मुलगी पाच वर्षांची होती. मधला, ज्याला मी अण्णा म्हणतो, शेती बघतो. मी धाकटा, शहरात राहणारा आणि घरात सगळ्यांत जास्त शिकलेला. थोरला गेल्यावर दीडेक वर्षाने भाताची जमीन वाटायची ठरली. जमिनीचे तुकडे तीन होते. दोन रस्त्याकडचे, एकमेकांना लागून, आणि एक ओढ्याकडचा.

सरकारी मोजणीदार बोलवायचा विषय मीच काढला होता, निदान मला तसं आठवतं. अण्णा म्हणाला, "आपल्या घरात एवढा गणिताचा मास्तर असताना सर्व्हेवाला कशाला पायजे? त्यो यायला सा म्हैनं लावंल आणि कागुद कानडीत दील." मला हे ऐकून बरं वाटलं. मी टेप घेऊन उतरलो.

आमच्याकडे शेत मोजायची एक जुनी रीत आहे. समोरासमोरच्या दोन बांधांची बेरीज करून निम्मी करायची, उरलेल्या दोन बांधांचंही तसंच करायचं आणि दोन्ही निम्म्यांचा गुणाकार करायचा. मजुरीवर लावण द्यायची असो, फाळ्यावर, म्हणजे खंडाने, शेत द्यायचं असो, सगळे असंच मोजतात. शेत चौकोनी आणि काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येतं. ते तिरकं असेल तर उत्तर नेहमी जास्तच येतं, कमी कधी येत नाही. तिरक्या शेतासाठी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजावा लागतो, शेताचे दोन त्रिकोण करावे लागतात. हे मी दर वर्षी फळ्यावर शिकवतो. त्या दिवशीही सकाळी शिकवून आलो होतो.

आणि दुपारी मी बांध मोजले. कर्ण मोजला नाही. पिकातून टेप कसा न्यायचा, ऊन किती आहे, सगळे असंच करतात, अशी कारणं तेव्हा मी स्वतःला दिली. तिन्ही तुकडे कागदावर वीस-वीस गुंठे आले. तीन जणांना तीन सारखे वाटे, हिशेब इतका सुरेख जमला की मी तो अण्णाला दोनदा दाखवला.

वाटणीचा आमचा रिवाज असा, की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने पहिला उचलायचा. रिवाज शहाणा आहे. वाटे घालणाऱ्याच्या हाती शेवटचा वाटा येणार, म्हणून तो मापात पाप करत नाही. पण थोरला नव्हता. वाटे घातले मी, आणि धाकटा म्हणून पहिला उचललाही मीच. रस्त्याकडचा, सरळ बांधांचा. दुसरा अण्णाने उचलला. थोरल्याच्या मानाने शेवटचा त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे राहिला, तो ओढ्याकडचा. हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं समजायची मला लाज वाटते. माझ्या तरी डोळ्यांना तो तुकडा तिरका दिसत होता.

पुढे वहिनींच्या शेताचं नाव खराब झालं. अण्णाला वीस गुंठ्यांत जेवढं भात व्हायचं त्याच्यापेक्षा त्यांना दर साली कमी व्हायचं. मी माझा वाटा कसायला अण्णालाच दिला होता, तिथलंही पीक वहिनींपेक्षा जास्त. गावात बोलायला एवढं पुरतं. बाईमाणसाची शेती, दुसरं काय. लक्ष नाही, खत वेळेवर नाही, पाणी सोडून घरी येऊन बसते. मुलीला शिकवायच्या नादात शेत वाऱ्यावर सोडलं, असंही कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी म्हणजे मी. हे माझ्या तोंडून गेलं आहे, आणि एकदा नव्हे.

दोन वर्षांपूर्वी गावच्या व्याख्यानमालेत माझं नाव लागलं. दोन रविवार, दुपारी चार वाजता, मराठी शाळेच्या हॉलात. स्वतःच्या गावात वक्ता म्हणून जायचं सुख वेगळंच असतं. ज्यांनी आपल्याला शेंबडं असताना पाहिलं ते पुढच्या सतरंजीवर मान वर करून बसलेले असतात. मी सफरचंदापासून सुरुवात केली, मनोरा झाला, न्हाणीघर झालं. लोक हसले. मग शेवटची पंधरा मिनिटं आली.

मी सांगितलं, की आपल्याकडे एका थोर गणितज्ञाने कितीतरी शतकांपूर्वी आपली ही शेत मोजायची रीत लिहून ठेवली आहे. नाईल नदीकाठच्या एका देवळाच्या भिंतीवरही ती कोरलेली आहे. इथे अध्यक्ष खूश झाले. पण आपल्या माणसाचं मोठेपण यात आहे, मी पुढे म्हणालो, की त्याने ही रीत स्थूल आहे, म्हणजे ढोबळ आहे, हेही लिहिलं आणि पुढे सूक्ष्म रीत दिली. मग मी खिशातून काडेपेटी काढली. आतला काड्यांचा खण बाजूला ठेवला आणि बाहेरचं रिकामं कवच उभं धरलं. बघा, चार बाजू. आता कोपऱ्यावर बोट दाबतो. कवच तिरकं झालं, आणखी दाबलं तसं चपटं झालं. चारही बाजूंची लांबी तेवढीच आहे, पण आतली जागा कुठे गेली? ढोबळ रीतीने मोजलं तर अजून पहिल्याएवढीच येईल. या प्रयोगाला टाळ्या पडतातच. त्या दिवशीही पडल्या.

प्रश्नोत्तरांत एकाने परग्रहावरच्या माणसांबद्दल विचारलं. मग माझी पुतणी उठली, वहिनींची मुलगी. ती तेव्हा माझ्याच कॉलेजात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला होती, माझ्याच वर्गात. ती म्हणाली, "सर, आमचा ओढ्याकडचा तुकडा वाटणीत मोजला तेव्हा कुठल्या रीतीनं मोजलता?"

मला उत्तर येत होतं. मी म्हणालो, "हा घरगुती प्रश्न आहे, तो घरी सोडवू." लोक मोठ्याने हसले. इतक्या वर्षांत मिळवलेली हातचलाखी मी पोरीवर वापरली, आणि ती खाली बसली. तिच्या शेजारी बसलेल्या वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्या हातातल्या चपट्या काडेपेटीकडे पाहत होत्या.

कार्यक्रमानंतर मी त्यांच्याकडे चहाला गेलो. जायलाच लागलं. वहिनींनी चहा ठेवला आणि मी काही बोलायच्या आत त्याच बोलल्या. "मी न्हाय सांगितलं तिला इचारायला. पर इचारलं ते बरं केलं. भावजी, रोप लावायला तुमच्या तुकड्यात जेवढ्या पेंढ्या लागत्यात, तेवढ्याच मी दरसाली घेते. वीस गुंठं तर वीस गुंठं. आणि दरसाली माझ्या बांधावर रोप उरतंय. दोन-तीन गुंठ्यांचं उरतंय. तुमाला सांगितलतं की मी."

सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा मी म्हणालो होतो, वहिनी, तुम्ही लावण विरळ करता. दुसऱ्यांदा मी त्यांना दोन रोपांत किती अंतर असावं यावर एक छोटं व्याख्यान दिलं होतं. सातवी शिकलेली बाई दर वर्षी रोपांच्या पेंढ्यांनी क्षेत्रफळ मोजत होती आणि ते बरोबर मोजत होती. मोजायची ही रीत मला एखाद्या जुन्या पोथीत सापडली असती तर मी तिच्यावर तीस मिनिटं बोललो असतो. ती माझ्या भावजयीच्या बांधावर पडली होती, म्हणून मी तिला आळस म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी टाकून मी टेप घेऊन ओढ्याकडे गेलो. पुतणीने टेपचं दुसरं टोक धरलं. चार बांध, आणि या वेळी कर्ण. पुतणीचं उत्तर फोनवर माझ्याआधी आलं. सतरा गुंठे. मी कागदावर करून पाहिलं, तिची एखादी चूक निघावी अशी माझी इच्छा होती हे लपवण्यात अर्थ नाही. कागदावरही सतराच आले. रस्त्याकडचे दोन्ही तुकडे मोजले, ते वीस-वीस भरले. तिघांची मिळून जमीन सत्तावन्न गुंठे, म्हणजे वाट्याला एकोणीस. माझा एक गुंठा आणि अण्णाचा एक गुंठा वहिनींचा होता.

अण्णा बांधावर येऊन उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तवा सर्व्हेवाला आणला असता तर त्यो निदान तिऱ्हाईत तरी हुता." एवढं बोलून त्याने गुंठा द्यायचं कबूल केलं. त्याने माझ्यासारखी कारणं सांगितली नाहीत.

मी वहिनींना म्हणालो, "माझी चूक झाली. दोन्ही गुंठे तुमच्या बांधाला लागून देता येणार नाहीत, पण रस्त्याकडे एकत्र काढून देऊ." मला वाटलं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. मी चक्क त्याची वाट पाहत होतो. वहिनी म्हणाल्या, "गुंठं घेते. माझंच हाईत. पर आदी एक करा. फुडच्या रविवारी त्याच हॉलात सगळ्यांम्होरं सांगा. जास्त न्हाय. एवढंच सांगा, की हिची जमीन कमी हुती, हिचा हात कमी न्हवता. पोरीचं लगीन ह्याच गावातनं जमायचंय, आणि माझ्या मागं समदी म्हणत्यात हिला घर चालवाया येत न्हाय."

हे एक वाक्य होतं. एका वाक्यासाठी तयारी लागत नाही. पण मी आठवडाभर तयारी केली.

पुढच्या रविवारी हॉल जास्त भरला होता, कारण बातमी फुटली होती. मला उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी पुन्हा त्या जुन्या गणितज्ञापासून सुरुवात केली. थोर माणसं चूक कबूल करतात असं म्हणालो. थोर माणसांच्या कबूल केलेल्या चुकांची दोन उदाहरणं दिली. त्यातलं एक मी मनाने रचलेलं होतं. मग आवाज थोडा खाली आणला आणि माझी गोष्ट सांगितली, टेप, ऊन, पीक, मधे एक विनोद अण्णाच्या खर्चाने. लोक हेलावले. मी म्हणालो, "म्हणून आम्ही दोघा भावांनी प्रत्येकी एक गुंठा वहिनींना दिला आहे." 'परत केला' असं म्हणायचं होतं. तोंडात 'दिला' आलं. टाळ्या सुरू झाल्या, पुढच्या सतरंजीवरचे म्हातारे उठून उभे राहिले. त्या टाळ्यांत मी वहिनींचं वाक्य बोललो. शब्दन् शब्द बोललो. माझ्याच कानाला ते नीट ऐकू आलं नाही. टाळ्या थांबल्यावर ते पुन्हा म्हणता आलं असतं. पण टाळ्यांवर संपलेलं व्याख्यान पुन्हा कोण सुरू करतो.

अध्यक्षांनी माझ्या मनाच्या मोठेपणाबद्दल दहा मिनिटं सांगितलं. हेही आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणाले. बायकांच्या बाजूला पाहिलं तर वहिनींची जागा रिकामी होती.

चार दिवसांनी पेपरात बातमी छापून आली. व्याख्यानमालेचा चिटणीस ती लिहितो. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधी तयार ठेवणारा, मग नावं भरणारा हा माणूस. माझा फोटो होता, माइकसमोर हात वर केलेला. मी दोन अंक विकत घेतले, एक घरी ठेवला आणि एक घेऊन रविवारी वहिनींकडे गेलो. का गेलो याचं उत्तर मला आजही स्वतःला देता येत नाही. फोटो बरा आला होता, एवढंच.

वहिनी दारात भात पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि अंक घेतला. त्या सावकाश वाचतात, ओठ हलवत. मग त्यांनी मुलीला हाक मारून अंक दिला आणि म्हणाल्या, "वाच गं मोठ्यानं, मला नीट कळंना झालंय."

पुतणीने वाचलं. 'शेतीत लक्ष देता येत नसल्याने भाताचे उत्पन्न कमी येऊन अडचणीत सापडलेल्या विधवा भावजयीला आपल्या वाट्यातील जमीन स्वखुशीने देऊन गणिताच्या प्राध्यापकांनी समाजापुढे आदर्श ठेवला आहे.' तिने एवढंच वाचलं आणि थांबली. पुढचं काका वाचतील, म्हणाली.

मी म्हणालो, चिटणिसाला फोन करतो, दुरुस्ती छापायला लावतो. वहिनींनी अंकाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं समदी नुसतं गावात बोलत हुती. आता छापून आलं."